एका भागाकारापायी गेलेली सुट्टी

मंडळी, आज अनसिंगला, आमच्या गावच्या घरी पेटी आवरताना सत्तरच्या दशकातले माझे कम्प्युटरचे कागद सापडले, आणि मी तिथंच बसून राहिलो.

तेव्हा कामावर आमची ऑपरेटिंग सिस्टीम रखडायची. सुट्टीत घरी येऊनही मी तिच्या गाभ्यातल्या एकेका आज्ञेला प्रोसेसर किती वेळ घेतो, तेच कागदावर मांडून मोजत होतो.

आजारी बाबा खाटेवरून म्हणाले, "काहून डोये फोडून राह्यला? माह्याजवळ बस जरा."

"एवढं झालं का येतो," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी सापडलं. आतल्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला मशीन एक वेळखाऊ भागाकार विनाकारण करत होतं. परत जाऊन तो काढला. मशीन पळू लागलं, साहेब खूश झाले.

बाबा त्याच महिन्यात गेले. ते चार दिवस मी त्यांच्यापासून दहा हातांवर होतो.

तुमची कोण वाट पाहून राह्यलं आहे?