झोपेतला नमस्कार

सुदामा नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या कुमुदकाकू दूधवाल्याला त्याच्याच दुधाचा पहिला घोट प्यायला लावत. तो हसत हसत प्यायचा. "हसतोय, म्हणजे मामला सीधा नाही," काकू मला हळूच म्हणायच्या. न हसता प्यायला असता तरी मामला सीधा नसताच. शंका घेणं हा त्यांचा नित्यनेम होता. आता काकू नाहीत, पण कॉलनी त्यांना अजून वहमीच म्हणते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा कॉलनीचंच बरोबर असे.

घरात मुलगा, सून अनघा आणि चार वर्षांची नात जुई. जुईला जन्मापासून डाउन सिंड्रोम. गुबगुबीत, लाघवी पोर, पण शाळेत बसल्या बसल्या पेंगायची. झोपायची तऱ्हाही निराळी. पाय पसरून बसायची आणि कमरेतून वाकून कपाळ गादीला टेकवायची. बडा गणपतीच्या देवळात नेमाने जाणाऱ्या एका आत्याबाईंनी हे दुपारी पाहिलं आणि जाहीर केलं, "पोर झोपेतही बाप्पाला नमस्कार करते. पुण्यवान आत्मा आहे!" फोटो निघाला, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

काकूंनी हात जोडले नाहीत. मला म्हणाल्या, "झोपेत कोण भक्ती करतं, भिया? जागेपणी तर होत नाही लोकांकडून!" मग दुपारच्या दुपार त्या जुईजवळ खुर्ची ओढून बसू लागल्या. एकदा मलाही हाताला धरून आत नेलं. जुई घोरत होती. घोरता घोरता एकदम गप्प झाली. छाती हलत होती, पण श्वास नाही. मग घुसमटल्यासारखा आचका आला आणि पुन्हा घोरणं सुरू.

"कोणी तरी पोरीचा गळा धरतंय," काकू म्हणाल्या, "आणि हे लोक फोटो काढतात."

नेहमीच्या डॉक्टरांनी हसून सांगितलं, "ऐसे बच्चे खर्राटे लेते ही हैं, माताजी." शाळेतल्या बाई म्हणाल्या, हिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. दोघांचा सूर एकच निघाल्यावर काकूंचा संशय पक्का झाला. "सगळं बिल त्या एका बिमारीच्या नावावर फाडतात. पोर मंद नाही रे, थकलेली आहे." अनघाला आधी वाटलं, सासूबाईंना नवा नाद लागला. मग तीही एका दुपारी तिथे बसली आणि रडत बाहेर आली.

कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मीच सगळ्यांना गाडीतून नेलं. काकूंनी तो फोटो पुढे केला. बाई हसल्या नाहीत. "आडवी झाली की हिचा घसा मिटत असणार. श्वासाला वाट मिळावी म्हणून वाकून झोपते." अशा मुलांचा श्वासाचा मार्ग अरुंद असतो, स्नायू सैल असतात, म्हणून घोरत नसली तरी त्यांच्या झोपेची तपासणी लहानपणीच करून घ्यायची, असंही त्यांनी सांगितलं.

"मग हे आधी कोणी बोललं का नाही?" काकूंनी विचारलं. बाईंनी तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली.

तपासणीत श्वास वारंवार अडकताना दिसला. टॉन्सिल आणि नाकामागची वाढलेली गाठ काढली. घरात पेढे आले. काकूंनी पेढ्याला हात लावला नाही. "परत तपासा." डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. तपासलं, तर थोडा त्रास उरलाच होता. मग घसा उघडा राहावा म्हणून झोपताना नाकावर हवा सोडणारा मास्क आला. जुई तो भिरकावून द्यायची. शेवटी काकूंनी स्वतः लावून बघितला, "हवाच आहे, दुसरी काही गडबड नाही," अशी ग्वाही दिली, तेव्हा कुठे तिने लावून घेतला.

हळूहळू जुई सरळ आडवी होऊन झोपू लागली. आत्याबाई जरा नाराज झाल्या. शाळेत पेंगणं थांबलं.

मग एका सकाळी काकूंचा आवाज गल्लीभर गेला. मी धावत गेलो. शेवेचा डबा अर्धा रिकामा होता आणि जुई दारामागे उभी होती, ओठांना शेव चिकटलेली. "कोणी खाल्ली?" काकूंनी दरडावलं. जुईने क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

काकू तिच्यासमोर खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"खोटं बोलते रे ही!" त्या म्हणाल्या. "पूर्ण जागी झाली माझी पोर."