पिंजऱ्याचा पाईप

मी इंदूरजवळच्या आमच्या गावात एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो. लोखंडाचा कुठला दांडा किती भाराला वाकेल, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे पुढे जे केलं ते न कळून केलं, असं मला म्हणता येत नाही.

चाळिशी उलटल्यावर मी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, वर कापडी छत. इंदूरच्या एका डॉक्टरांकडे ती कित्येक वर्षं झाकून पडली होती. दोन माणसांनी मागून जोर लावला तर हलेल इतकी हलकी. टावर चौकात उभी केली की पोहे खाणारे लोक प्लेट हातात घेऊन बघायला यायचे. वर्षभर मी ती अशीच मिरवली. मग ट्रॅकवर पळवायचं वेड डोक्यात शिरलं आणि गाडीतून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. आधी गालिचे गेले, मग छत, मग शेजारची सीट. काचेच्या जागी पातळ प्लास्टिक बसवलं. काढलेली प्रत्येक वस्तू मी रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून आणायचो. हॉर्न किती ग्रॅमचा असतो, हे मला आजही पाठ आहे.

पण ट्रॅकवर उतरायचं तर एक वस्तू घालावीही लागते. गाडी उलटली तर चालकाचं डोकं वाचावं म्हणून आत पोलादी पाइपांचा पिंजरा बसवतात. तो करायला मी उस्तादांकडे गेलो.

उस्ताद म्हणजे देवास गेटच्या मागच्या गल्लीतले वेल्डर. वय पन्नास-पंचावन्न. राम घाटावर गर्दी आवरायला लावतात त्यातले बरेच कठडे त्यांच्या हातचे. रेसची गाडी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. मी नियमांचं पुस्तक हिंदीत समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी दोनदा ऐकून घेतलं आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून अख्खा पिंजरा आधी पुठ्ठ्याचा उभा केला. मी कॉलेज सुटलं की तिथे जाऊन बसायचो. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या दरबारी लिखापढीची कामं झाली, हातात हातोडा कुणी धरला नाही. त्या गल्लीत स्टुलावर बसून मला वाटायचं, मी काहीतरी वेगळं करतोय. करत होते उस्ताद.

पुस्तकात लिहिलं होतं, पाईप बिनजोडाचा, म्हणजे लांबीत शिवण नसलेला हवा आणि त्याची भिंत अडीच मिलिमीटर जाड हवी. मी हिशेब केला तर गाडीचं वजन पुन्हा वर जात होतं. महिनोन् महिने ग्रॅम ग्रॅम करून काढलेलं एका झटक्यात परत येणार. मी चिठ्ठीवर दुसरा पाईप लिहून दिला. दीड मिलिमीटरचा, जोडाचा. चौदा-पंधरा किलो वाचत होते.

उस्तादांनी तो आणला, बोटानं टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, "भैया, ये तो कुर्सी का पाइप है."

"मैंने कैलकुलेशन किया है, उस्ताद."

"आपकी किताब में तो मोटा लिखा था."

"किताब वाले सबके लिए लिखते हैं. ये गाड़ी हल्की है."

त्यांनी पाईप खाली ठेवला. मग म्हणाले, "पढ़े-लिखे आप हो," आणि चष्मा चढवला.

कॅलक्युलेशन मी केलं होतं, पण अर्धंच. उत्तर कुठे चाललंय ते दिसल्यावर वही मिटली होती.

पिंजरा देखणा झाला. एकेक सांधा असा की त्यावरून बोट फिरवावं. त्यावर काळा रंग चढला आणि आम्ही गाडी पिकअपवर बांधून दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर निघालो. दोन दिवसांचा प्रवास. उस्तादांना मीच चला म्हटलं होतं. काही तुटलं-फुटलं तर वेल्डर जवळ असावा, हा माझा विचार. त्यांनी मात्र नवा शर्ट शिवून घेतला होता आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं, की आपण बनवलेली गाडी पळणार आहे.

रेसच्या आधी एका शेडमध्ये प्रत्येक गाडी तपासतात. तपासणाऱ्या बाई चाळिशीच्या असतील. त्यांनी पट्टे ओढून बघितले, ब्रेक बघितले. मग हातातल्या ड्रिलनं पिंजऱ्याच्या मुख्य पाइपाला एक बारीक भोक पाडलं आणि त्यात मापाचा काटा घातला. भोक पाडून बघतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. एवढ्या छोट्या रेसला कोण बघतंय, असं धरून चाललो होतो. बाईंनी पुन्हा माप घेतलं. शेडमध्ये आणखी तीन-चार गाड्यांचे मालक उभे होते, तेही जवळ आले.

"डेढ़ मिलीमीटर," बाई म्हणाल्या. "यह किसने बनाया?"

उस्ताद माझ्या मागेच उभे होते. मी म्हणालो, "वेल्डिंग इन्होंने की है. पाइप भी यही लाए थे."

दोन्ही वाक्यं खरी होती. म्हणूनच ती इतक्या सहज तोंडून निघाली.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "आपको पता है, गाड़ी पलटी तो ये आदमी मर जाएगा?"

उस्तादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हेल्मेटचा पट्टा नीट करत होतो. ते म्हणाले, "जी मैडम. मेरे से गलती हो गई."

बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर पाच मिनिटं सुनावलं. माणसाच्या जिवाशी खेळू नये, माहीत नसेल तर काम घेऊ नये. ते नव्या शर्टात हात पुढे बांधून उभे होते आणि जी, जी म्हणत होते. नंतर एक गाडीवाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वाचलात, या गल्लीतल्या लोकांवर भरवसा ठेवायचाच नसतो. मी मान हलवली. होकारार्थी.

गाडी पिकअपवरून उतरली तशी परत चढली. येताना उस्तादांनी घरून आणलेल्या पुऱ्या माझ्यापुढे केल्या, मी खाल्ल्या. नाशिकच्या अलीकडे मी एकदा "उस्ताद, वो..." म्हणालो. ते म्हणाले, "भैया, पीछे के टायर में हवा देख लेना." मी खाली उतरून हवा बघितली आणि त्या विषयातून सुटलो. त्यांना गल्लीच्या तोंडाशी सोडलं तेव्हा चहाच्या ठेल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, कितवा नंबर आला. ते काय म्हणाले ते ऐकायला मी थांबलो नाही.

घरी बायकोला सांगितलं, पाईप बरोबर निघाला नाही. स्टाफरूममध्येही तेच. त्यापुढचं लोकांनी आपापलं जुळवून घेतलं आणि मी जुळवू दिलं.

महिन्याभरानं गॅलरीला रेलिंग करायचं निघालं. मी सवयीनं म्हणालो, उस्तादांना बोलावतो.

"त्यांना नको," बायको म्हणाली. "ते हलका पाईप वापरतात ना? पोरं टेकून उभी राहतात."

तिनं ते अगदी साधेपणानं म्हटलं होतं. भाजी निवडत होती, वरही बघितलं नाही. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, मिटलेली वही, शेड. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे मला काय सांगताय? जिथे सांगायचं तिथे जा."

दुसऱ्या दिवशी गेलो. उस्ताद एका जिन्याचं काम करत होते. "आइए सर," म्हणाले. आतापर्यंत ते मला भैया म्हणत आले होते.

मी माफी मागितली. वाक्यं घरून ठरवून नेली होती, ती भलत्याच क्रमानं आली. शेवटी विचारलं, "आपने अपने ऊपर क्यों ले लिया?"

"आप पढ़ाते हो. वहाँ सब आपको ही देख रहे थे." त्यांनी वेल्डिंगचा दांडा बाजूला ठेवला. "और मुझे लगा, बाहर आके आप कुछ बोलोगे."

तो सगळा दोन दिवसांचा रस्ता ते वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी जुना पिंजरा कापून काढला आणि जाड पाइपाचा नवा केला. पण त्याआधी माझ्यासमोर कागद ठेवला. "कौन सा पाइप, कितना मोटा, लिख दो सर. नीचे दस्तखत." मी लिहून दिलं. त्यांनी घडी घालून तो कपाटात ठेवला.

पुढच्या वेळी मी चला म्हटलं, तर घरी काम आहे म्हणाले. मी मेहुण्याला घेऊन गेलो. त्याच बाई होत्या. भोक पाडलं, माप घेतलं, ठीक म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की मागच्या वेळचा पाईप मी निवडला होता, त्या माणसाचा दोष नव्हता. त्यांना कुठली गाडी ते आठवेना. "अब तो सही है ना?" म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. त्या दिवशी मी बारा फेऱ्या मारल्या आणि शेवटून दुसरा आलो.

स्टाफरूममध्ये मात्र मी नीट सांगितलं, सगळ्यांसमोर. एका सहकाऱ्याला बंगल्याचं गेट उस्तादांकडून करून घ्यायचं होतं आणि मधल्या काळात त्यांचं नाव काढून टाकून त्यानं ते दुसरीकडून करून घेतलं होतं. माझं ऐकून तो हसला. "अरे यार, तुम्ही पण किती मनाला लावून घेता. वेल्डरच तर होता तो."

बाकीचेही हसले. काहीतरी बोलायला हवं होतं. मी हजेरीची वही उचलली आणि वर्गावर गेलो.