टोपी आणि गुंतवळ

वन्संनी न्हाव्याला पहिल्यांदा परत पाठवलं तेव्हा मला वाटलं, डोकं दुखत असेल. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या दारी तो दर पंधरवड्याला यायचा. वन्सं ओट्यावर मान खाली घालून बसायच्या आणि मी दार लोटून घ्यायची. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच, परकरी वयात त्यांचा नवरा गेला, आणि तेव्हापासून डोक्याला वस्तरा आणि अंगावर तांबडं आलवण.

पुढच्या वेळीही त्या "आज नको" म्हणाल्या. मग तो यायचाच बंद झाला. पदराखाली बोटभर केस वाढले, काळे-पांढरे, राठ. मी विचारलं, "वन्सं, हे काय चालवलंय?" त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कसे आहेत ते बघू दे तरी. मला माझे केस आठवतच नाहीत." मी पीठ मळून दिलं.

आमच्याकडे खाणावळ होती. हे शाळेत इंग्रजी शिकवायचे, पण घर चालायचं ते वन्संच्या हाताच्या चवीवर. कचेऱ्यांतले कारकून, एकटे राहणारे मास्तर, असे वीसेक जण जेवायला यायचे. त्यांच्यात एक थोरले कारकून होते. आमटी बिघडली की नाही हेसुद्धा बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवायचे. त्यांना केसांचा सुगावा लागला. सकेशा विधवेच्या हातचं खाणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं, पण इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरापुढे धर्म काढला तर वाद होईल, म्हणून त्यांनी आडवळण घेतलं. हात धुता धुता ह्यांना म्हणाले, "आमचं काही म्हणणं नाही हो. पण अन्नात केस आला तर?"

हे आत आले ते अगदी खुशीत. "अक्का, प्रश्न नुसता केसाचा असेल तर सोपा आहे," म्हणाले, आणि पाटावर बसून खानसाम्याच्या विलायती टोपीची कथा सांगायला लागले. स्टेशनावरच्या साहेबांच्या उपाहारगृहात गोव्याकडचा एक खानसामा होता, त्याच्या डोक्यावर हातभर उंच पांढरी टोपी ह्यांनी पाहिली होती. ती कुठून आली याबद्दल पुस्तकांत तीन गोष्टी होत्या. कुणा राजाच्या ताटात केस निघाला, त्यानं स्वयंपाक्याला ठार मारलं आणि दुसऱ्याला टोपी घालायला लावली, ही एक. दुसरी अशी, की स्वयंपाक्यांच्या जिवावर बेतलं तेव्हा ते मठात जाऊन लपले आणि तिथल्या साधूंसारख्या टोप्या घालून राहिले. तिसरी टोपीच्या चुण्यांची, की अंड्याचे जितके प्रकार येतात तितक्या चुण्या.

"तेवढं अंड्याचं सोवळ्यात नको सांगूस," वन्सं म्हणाल्या. मग हातातलं लाटणं थांबवून विचारलं, "राजाच्या ताटात केस आला, तर स्वयंपाक्याला टोपी दिली. वस्तरा नाही दिला?"

"छे, वस्तरा कशाला? टोपीनं भागतं की," हे बोलून गेले. वन्संनी लाटणं पुन्हा चालू केलं.

टोपी मी शिवली. कोरा मांजरपाट आणला, तांदळाच्या पेजेची खळ देऊन ताठ केला. चुण्या किती घालू म्हणून विचारलं तर वन्सं म्हणाल्या, "मला आमट्या येतात तितक्या घाल." पुष्कळ झाल्या. तांबडं आलवण आणि वर ती पांढरी टोपी, असं ध्यान चुलीपुढे बसलेलं बघून मी हसले, त्याही हसल्या. पण उंच टोपी म्हणजे मोठा स्वयंपाकी, लहान टोपी म्हणजे हाताखालचा, हे ह्यांनी सांगितल्यावर त्यांनी ती जरा वर ओढून घेतली, ते मी पाहिलं. रोज धुऊन सोवळ्याच्या दांडीवर वाळवायच्या. थोरल्या कारकुनांना काही बोलता येईना. केसाचं म्हणाले होते, केसाचा बंदोबस्त झाला होता. तोंड वाकडं करून जेवत राहिले.

असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी त्यांच्या आमटीत केस निघाला. चिमटीत धरून त्यांनी तो उंच केला आणि पाटावरून उठत म्हणाले, "बघा मास्तर. म्हटलं होतं की नाही?"

मी भाताचं पातेलं घेऊन समोर उभी होते. म्हटलं, "वन्संचे केस बोटभर आहेत, तेही टोपीखाली. हा हातभर लांब आहे. माझा आहे."

त्यांनी केसाकडे पाहिलं, माझ्या अंबाड्याकडे, कुंकवाकडे पाहिलं. आणि खाली बसले. केस ताटाबाहेर टाकला आणि म्हणाले, "मग असू दे. सवाष्णीचा आहे. भात वाढा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतके दिवस अन्नाचं नाव घेत होता हा माणूस, आणि अन्नातला केस त्याला चालत होता. न चालणाऱ्या होत्या त्या वन्सं.

आतून वन्संनी सगळं ऐकलं होतं. पंगतीसमोर कधी न येणारी बाई बाहेर आली, डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. "ही तू घाल. केस तुझे गळतात." मग पातेलं माझ्याकडून घेतलं आणि उघड्या डोक्यानं थोरल्या कारकुनांसमोर वाकल्या. केस वाफेनं ओले होऊन कपाळाला चिकटले होते. कारकुनांनी ताटावर हात आडवा धरला आणि ते उठले. त्यांच्यामागे सगळी पंगत उठली. तिघे तरुण तेवढे बसून राहिले. सुधारक होते म्हणून नव्हे, भूक लागली होती म्हणून असावेत.

संध्याकाळी निरोप आला. न्हावी येऊन गेला की सगळे परत येतील. ह्यांनी आम्हाला न विचारता हो म्हणून टाकलं. वन्संनी एवढंच विचारलं, "न्हाव्याला तू सांगितलंस?" हे जमिनीकडे बघत म्हणाले, "अक्का, सध्यापुरतं. पुढं बघू." टोपीची कथा सांगणारा हाच माणूस. मी त्या दिवशी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

सकाळी मागच्या दारावर थाप पडली. वन्सं उठल्या, ओट्यावर जाऊन बसल्या आणि सवयीनं मान खाली घातली. त्या भांडल्या असत्या, रडल्या असत्या, तर मी कदाचित दार लोटून घेतलंही असतं. ती खाली गेलेली मान मला बघवेना. मी अंबाडा सोडला, त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि न्हाव्याला म्हटलं, "आमटीत केस आला तो माझा. आधी माझं डोकं कर."

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. "न्हाय बाई. मालक धडधाकट समोर उभं हायती. असलं पाप माज्या हातनं न्हाय व्हायचं. तुमचं ठरलं की बोलवा की." आणि धोकटी उचलून गेला.

हे दारात उभे होते, चेहरा पांढराफटक. माझं डोकं वस्तऱ्यापुढे म्हणजे त्यांचं मरण, हे त्यांना त्या क्षणी समजलं. तोच वस्तरा बहिणीच्या डोक्यावरून इतकी वर्षं फिरत होता, तेव्हा काही समजलं नव्हतं. न्हाव्याला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

वन्सं मात्र माझ्यावर उसळल्या. "माझ्या भावाच्या जिवावर उठलीस?" म्हणाल्या, आणि माझ्याशी बोलणंच सोडलं. मीठ हवं असलं तरी भिंतीला सांगायच्या. मला फार लागलं ते. कुणासाठी बसले होते मी तिथं? खाणावळीत तिघेच उरले, हे शिकवण्या करायला लागले, मी शेंगांची चटणी कुटून दुकानांत द्यायला लागले. टोपी मीच घालत होते. घरात रोज कुणीतरी कुणावर तरी रुसलेलं असायचं. वन्संचे केस वाढत होते.

ते मानेपर्यंत आले तेव्हा एका दुपारी त्या तेलाची वाटी आणि फणी घेऊन आल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी तेल चोळलं, गुंता सोडवला. फणीत आलेल्या केसांचं गुंतवळ मी काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्या बराच वेळ ते बघत बसल्या. मग कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला सरळ विचारलं, "हे कुठं टाकायचं असतं गं?"