साडूंची रिकामी कुंडी

आमच्या थोरल्या साडूंच्या तावडीतून या पृथ्वीतलावरची एकही वस्तू बिननावाची सुटली नाही. टपालखात्यात पत्रं वेगळी करण्यात त्यांचा जन्म गेला. 'खाप्याच्या नदीजवळ, काकाले मिळो' एवढ्याच पत्त्याचं कार्ड त्यांनी नेमक्या काकाच्या हाती पोचवलं होतं म्हणे. पण ही खोड ऑफिसात ठेवून घरी यावं, तर तेही नाही. माझ्या लग्नाच्या पंगतीत पत्रावळ पळसाची की मोहाची हे बघायला त्यांनी ती वाढलेल्या अन्नासकट उजेडाकडे उचलून धरली आणि कढी शेजारच्या माझ्या मामांच्या धोतरावर गेली. मामा तडकून उठले, तर हे आनंदानं म्हणाले, "बसा मामाजी, मोहाचीच हाये!"

असा हा माणूस एका पावसाळ्यात खाप्याला बारशासाठी गेला आणि बारसं सोडून पलीकडच्या जंगलात शिरला. परतला तो तेलाच्या डब्यात माती आणि मातीत एक रोप घेऊन. रोप म्हणजे काय, तर जमिनीलगत एकच एक गोल पान, त्यालाही उभ्या चुण्या. जमिनीत कंद धरणारी ही आमरी, म्हणजे ऑर्किड आहे, इतपत त्यांनी शोधून काढलं. पण कोणती, ते कळेना. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी पान बघून हात झटकले. "पानावरून नाव सांगता येत नाही. फूल आणा." साडूंच्या दृष्टीनं घरात अपुऱ्या पत्त्याचं पत्र येऊन पडलं. ते पोचतं केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना.

नागपूरच्या कडेला हुडकेश्वरला तेव्हा घरांपेक्षा बाभळी जास्त होत्या. तिथल्या त्यांच्या अंगणात त्या कुंडीचं राज्य सुरू झालं. तिला माती लागे ती खाप्याच्या जंगलातलीच. पोतं बघून एसटीचा कंडक्टर म्हणाला, "काहून गा भाऊ, नागपुरात माती भेटत नाही काय?" दिवाळीच्या सुमारास पान वाळून जाई आणि मग थेट पावसाळ्यापर्यंत कुंडीत नुसती माती. या काळात पाण्याचा थेंबही वर्ज्य, नाहीतर कंद सडतो. मे महिन्यात एकदा मला दया आली आणि मी तांब्या कलता केला, तर साडू ओरडतच धावले. "काहून पाणी टाकून राहिले साडभाऊ? झोपलं हाये ते!" येणाऱ्या-जाणाऱ्याला ती रिकामी कुंडी बघावी लागे, आणि तीही हळू आवाजात. लोक समाधीपुढे उभं राहिल्यासारखे हात जोडून निघून जात.

अशी सात वर्षं गेली. दर आषाढात पान येई. साडू स्टुलावर बसून फुलाची वाट बघत आणि दिवाळीला पान वाळलं की दोन दिवस कोणाशी बोलत नसत. या सगळ्यात ताई, म्हणजे माझी मेव्हणी, त्यांना कधी हसल्या नाहीत. उलट मृग लागला की ती माउली कंबर कसून कुंडी साफ करी. त्यांच्या पानाला जागा व्हावी म्हणून वर आलेला कोंब न् कोंब उपटून टाकी. "आमच्या कुंडीत तण दाखवा, मिशी उतरवतो!" असं साडू अभिमानानं सांगत.

आठव्या वर्षी कॉलेजात नव्या बाई आल्या. साडू पान घेऊन मला ओढतच तिथे गेले. बाईंनी पान उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "पान येण्याआधी कुंडीत काय दिसतं?"

"काहीच नाही! आमची मंडळी एक कोंब ठेवत नाही."

बाईंनी पान टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, याला फूल आधी येतं. नुसत्या दांड्यावर. ते गेलं की मग पान."

परतताना साडू सायकल हातात धरून सीताबर्डीपर्यंत चालत आले. माणूस घरी जाऊन काय बोलेल या भीतीनं मी अर्धा झालो होतो. चौकात थांबून म्हणाले, "साडभाऊ, तुमच्या ताईले सांगू नोका. सात साल मायेनं उपटलं तिनं."

पुढच्या मृगाला त्यांनी रजा काढली आणि डॉक्टरनं वाकायचा व्यायाम सांगितलाय अशी थाप मारून कुंडी साफ करायचं काम स्वतःकडे घेतलं. आठवड्यात दांडा वर आला आणि त्याच्या टोकाला फिकट हिरवी फुलं मान खाली घालून लटकली. साडूंनी सगळ्यांना हाका मारल्या. ताई पदराला हात पुसत आल्या, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आवो, हे तं मीच उपटत होती ना दरसाली!"

साडूंनी एक क्षणही घेतला नाही. "नाही वं. ते तण होतं. दिसते सारखंच." नाव ठाऊक असून त्यांनी मुद्दाम खोटं सांगितलं ते जन्मात एवढंच. बाईंनी लिहून दिलेलं 'नर्व्हिलिया' हे नाव कुंडीवर रंगवलं, ते नंतर.

साडू गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा हुडकेश्वरला गेलो, तर ताईंच्या झाडून साऱ्या कुंड्यांत गुडघाभर गवत माजलेलं. सवयीनं मी एक काडी उपटायला हात घातला, तर ताईंनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या भाऊजी. काय मालूम, एखादं फूल असन."