पाचवा फाउल

शिट्टी वाजली की छायाचा हात वर जायचा. बास्केटबॉलमध्ये ज्याने फाउल केला त्याने हात उंचावून तो कबूल करायचा, अशी जुनी रीत होती. आम्ही बाकीच्या मुली ती रेफरीने डोळे वटारल्यावर पाळायचो. छाया मात्र रेफरी वळायच्या आत हात उंचावून उभी. कधीकधी तर शिट्टी वाजलेलीच नसायची. "लागला माझा हात. मग?" एवढंच तिचं म्हणणं. आम्हाला खेळ शिकवणारे सर वैतागायचे. "छायाताई, आपण खेळायला आला आहात की जबानी द्यायला?"

ती शहराबाहेरच्या मांजरी गावची. मी शनिवार पेठेत, कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहायचे आणि रोज उशिरा पोचायचे. ती दोन बस बदलून माझ्या आधी हजर. पहिल्या दिवशी भावाचे बूट घालून आली होती, पुढे चिंध्या कोंबून. मी हसले, तर म्हणाली, "मापाचेच हायेत. फकस्त पुढनं मोठे हायेत." त्याच बुटांत तिने आम्हा सगळ्यांना पळवून दमवलं. खो-खोत घोटलेलं तिचं अंग असं काही वळायचं की समोरची मुलगी नुसती बघत राहायची. तीन वर्षं सामन्यांत कॉलेजचे सर्वाधिक गुण तिचेच. मला तिचा अभिमान वाटायचा आणि हेवाही.

शेवटच्या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती, विद्यापीठाच्या संघात निवड. त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळाली असती. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "निवड झाली तर थांबतो. न्हायतर स्थळ बघितलेलं हाय."

आंतरमहाविद्यालयीन फायनलला निवड समिती समोर बसली होती. आमच्या कॉलेजातून एकच मुलगी घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सामना संपत आला तेव्हा छायाचे चार फाउल झाले होते आणि माझेही चार. पाचव्याला बाहेर. समोरच्या मुलीने बास्केटकडे उडी घेतली आणि आम्ही दोघी एकदमच धावलो. माझा पंजा त्या मुलीच्या मनगटावर बसला. त्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला. शिट्टी झाली. रेफरी आमच्या पाठीमागे होते. त्यांनी छायाचा नंबर दाखवला.

छायाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. नाडी सुटलेली नव्हती.

मग तिचा हात वर गेला. ती बाकावर जाऊन बसली आणि शेवटपर्यंत आमच्यासाठी टाळ्या वाजवत राहिली. आम्ही जिंकलो. निवड माझी झाली. आज मी ज्या नोकरीत आहे, ती त्याच प्रमाणपत्रावर मिळालेली.

त्या संध्याकाळी बसथांब्यावर मी तिला कसंबसं विचारलं, "तू काही बोलली का नाहीस?"

"बोलायचं काम माझं नव्हतं, मेघे," ती म्हणाली आणि बस आली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. काही वर्षांनी ती मांजरीतल्याच एका शाळेत मुलींना खेळ शिकवू लागल्याचं कळलं. मी तोवर वारज्याला राहायला गेले होते. मांजरी फार लांब पडते, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची.

गेल्या महिन्यात छाया गेली. कावीळ अंगावर काढली म्हणे. शाळेच्या मैदानात शोकसभा होती, तिथे मात्र गेले. मुख्याध्यापिका सांगत होत्या, "एका फाउलमुळे बाईंची निवड हुकली. पण कुणाला दोष दिला नाही. विचारलं की म्हणायच्या, शिट्टी झाली, हात वर केला, विषय संपला."

इतकी वर्षं तिने माझं नाव घेतलं नव्हतं. मी मागच्या रांगेत उभी राहिले आणि हात उंचावला.

"आपल्याला बोलायचंय का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"तो फाउल माझा होता."

मुली मागे वळून पाहू लागल्या. त्यांतली एक, छायाच्याच तालमीतली असणार, सरळ म्हणाली, "मग तवाच का नाही सांगितलं?"

माझी नजर सवयीने पायांकडे गेली. पायांत साध्या चपला होत्या.

"भ्याले," मी म्हणाले, आणि मगच हात खाली घेतला.