चंपतरावांची क्वालिटी

चंपतरावांच्या घरातल्या सोफ्यावरचं प्लास्टिक सोफा मोडला तेव्हाच निघालं. नवी वस्तू जपायची आणि जपता जपता ती वापरायची राहून जायची, हा त्यांचा जुना खाक्या. पाटबंधारे खात्यात असताना साहेबांकडे जाणारा कागद ते इतक्यांदा सुधारत, की तोवर साहेबांचीच बदली होई.

निवृत्तीनंतर सुधारायला कागद उरले नाहीत, आणि नेमकी तेव्हाच कपाटातून कॅसेट निघाली. मुलीच्या, प्रीतीच्या पहिल्या वाढदिवसाची. त्या वेळी हौसेनं घेतलेल्या हँडीकॅमात त्यांच्या बायकोची, कौसल्याबाईंची आई, सत्यवती, चालती-बोलती सापडली होती. म्हातारी पुढच्याच वर्षी गेली. फोटो पुष्कळ होते, पण आवाज एवढ्या एका कॅसेटीतच होता. बायकोला 'कौसे' म्हणणारं माणूस त्यानंतर जगात उरलं नव्हतं.

"तुमी नुसती लावून द्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "मले मायचा आवाज ऐकाचा आहे."

"अशी कशी लावू वं? काही क्वालिटीच नाही तिले. कॉम्प्युटरमध्ये घेतो, सुधारतो, मंग पाहजो."

"मले अशीच चालते."

"घाई काहून करून राहिली?"

झालं, घरावर संक्रांत आली. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेताना चित्र मध्येच अडखळे. विजेचा दाब कमी-जास्त झाला की असं होतं, असं कुणीसं सांगितलं आणि चंपतरावांनी उठून कूलर बंद केला. नागपूरचा मे महिना, आणि कूलर बंद! तासाभराची कॅसेट घ्यायला तासभरच लागे. तेवढा वेळ फ्रिज, मिक्सर, सगळं गप्प. स्पीकर लावला तर कॉम्प्युटरवर ताण येतो, म्हणून तोही मुका. कौसल्याबाई पदरानं वारा घेत दाराशी बसत. चित्र पुन्हा अडखळलं, की पुन्हा पहिल्यापासून. एकदाचं न अडखळता आलं, तर चंपतरावांना रंग पसंत पडेना. मग दुसरी केबल, दुसरं सॉफ्टवेअर, आणि धरमपेठेतल्या त्या बिचाऱ्या दुकानदाराचं डोकं. तो हल्ली चंपतराव दिसले की गोदामात जाऊन उभा राही.

"थोडंसं ऐकू तं द्या," कौसल्याबाई अधूनमधून म्हणत.

"कच्चा माल आपण कोनाले दाखवत नाही," चंपतराव म्हणत. जणू रोज कुणीतरी मागायलाच येत होतं.

अखेर क्वालिटी आली. पुण्याहून प्रीती आली होती, तो मुहूर्त धरून चंपतरावांनी मोठ्या टीव्हीवर सिनेमा लावला. चित्र खरोखर लख्ख होतं. केकवरची चेरी दिसत होती, सत्यवतीच्या नाकावरचा तीळ दिसत होता. आणि सगळ्यावर सनई वाजत होती.

"मायचा आवाज?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"लय खरखर होती त्याच्यात. तवा वाढदिवसाले हाच कूलर चालू होता ना! हेडफोन लावून साफ कराले गेलो, तं माय बादलीत तोंड घालून बोलल्यासारखी वाटे. म्हणून समदाच काढला. सनई भारी वाटते ना?"

"अन् कॅसेट?"

कॅसेट घासून घासून कॅमेऱ्यात गुंतली होती आणि फीत तुटल्यावर केरात गेली होती. कॉम्प्युटरमधली पहिली फाईल चंपतरावांनी स्वतः पुसली होती.

"ते फुकट जागा खाऊन राहिली होती," ते म्हणाले, पण आता जरा हळू.

पडद्यावर सत्यवती हातात ताट घेऊन वळली आणि समोर पाहून काहीतरी म्हणाली. ओठ अगदी स्वच्छ दिसत होते. कौसल्याबाई त्या ओठांबरोबर बोलल्या, आईच्याच हेलात, "कौसे, सगळ्याइले वाढून राहिली, तू जेवली का वं?"

प्रीतीनं आईचा हात धरला. चंपतराव पडद्याकडे पाहत राहिले. हा तुकडा त्यांनी शेकडो वेळा पुढे-मागे केला होता, त्यातला तीळ उजळला होता, साडीचा रंग बसवला होता. म्हातारी काय म्हणतेय, हे मात्र त्यांना आज कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"पुन्हा लावू का?" त्यांनी विचारलं.

"लावा. पण थे सनई बंद करा."

कौसल्याबाई उठल्या आणि त्यांनी कूलर सुरू केला. तो खरखरू लागला. त्या वाढदिवसाचा तेवढाच आवाज आता घरात शिल्लक होता.