खर्चासह मंजूर

"शाई नको. पेन द्या."

कोर्टातला बाबू तिचं लुगडं बघायचा, झिजलेल्या चपला बघायचा आणि काही न विचारता शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवायचा. ती एका बोटानं तो पॅड परत त्याच्याकडे ढकलायची आणि पेन मिळेपर्यंत हात पुढे करून उभी राहायची. पेन मिळालं की टेबलावर वाकून, ओठ दाबून, पूर्ण नाव लिहायची. स्वतःचं, मग बापाचं, मग गावाचं. मागे रांग खोळंबायची. बाबू करवादायचा, "बाई, सही करायची आहे, निबंध नाही." ती मान वर न करता म्हणायची, "होऊ द्या नं भाऊ. घाई कोनाले हाय? तुमच्या कोर्टाले तं नाई."

चांद्याच्या कोर्टाच्या आवारात चिंचेखाली मी तेव्हा टाइपरायटर घेऊन बसत असे. तुम्ही कधी कोर्टाची पायरी चढला असाल तर माझ्यासारखे लोक पाहिले असतील. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तिचं गाव चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाच्या काठावर, म्हणजे नव्या जिल्ह्यात गेलं. केस मात्र चांद्यालाच पडून राहिली. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की रस्ता बंद व्हायचा आणि ही आदल्या दिवशीच निघून बसस्टँडवर मुक्काम करायची. सकाळी माझ्या टेबलाजवळ येऊन पदरानं तोंड पुसत विचारायची, "आज तरी पुकारा होईन का भाऊ?" होत नसे. साहेब रजेवर, नाहीतर समोरचा वकील नागपूरला, नाहीतर आमचाच वकील जेवायला गेलेला.

मृत्युपत्राला आव्हान द्यायला खर्च किती येतो, असं लोक मला अजून विचारतात. स्टँप किती लागतो ते मी सांगतो. बाकीचं सांगायला लागलो की मला राग येतो, आणि रागावलेल्या टायपिस्टकडे गिऱ्हाईक येत नाही.

तिच्या बापाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. छप्पन साली तो चांद्याला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. घरी आल्या आल्या देव्हारा काढला आणि दुसऱ्या दिवशी पाटी आणली. शाळेच्या मास्तरांच्या ओसरीवर बसून हा बाप्या महिनोन् महिने एकच गोष्ट गिरवत होता, स्वतःचं नाव. ते जमल्यावर त्यानं गावात जाहीर केलं की आजपासून आपण कुठेही अंगठा लावणार नाही. मग त्याला सह्यांचं वेडच लागलं. घराच्या भिंतीवर कोळशानं सही, धानाच्या ढोलीवर सही, बैलगाडीच्या जुवावर सही. तलाठी म्हणायचा, याची सही घ्यायची तर कागद दोन आणावे लागतात. गाव हसायचं. तोही हसायचा आणि पुन्हा सही करायचा. दोन्ही पोरींना चुलीपुढे बसवण्याआधी त्यानं सही शिकवली.

असा माणूस लकव्यानं गेला, आणि महिन्याभरात तिच्या चुलतभावानं कागद काढला. घर आणि धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, म्हाताऱ्यानं आपल्या नावे करून दिलं, असं त्यात लिहिलेलं. दोन साक्षीदार. खाली अंगठा.

ती त्या कागदाला मृत्युपत्र म्हणतच नसे. "त्या अंगठ्याचं काय झालं?" असं विचारायची. चुलतभावाचं म्हणणं, लकव्यानं उजवा हात गेला होता, सही कशी करणार? हे मी तिला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा ती माझ्यावरच चवताळली. "हात गेला असता तं त्यानं डाव्या हातानं केली असती! तोंडात पेन धरून केली असती! तुमाले मालूम नाई माहा बाप."

"बाई, मला कशाला सांगता? मी फक्त टाइप करतो."

"मंग हेच टाइप करा. तोंडात पेन धरून."

टाइप केलं नाही. वकिलानं ते वाक्य कापलं.

तीन वर्षं असंच चाललं. तेंदूपत्त्याच्या हंगामात चार पैसे हाती येतात, नेमकी तेव्हा तारीख. रोवणीला बाया मिळत नाहीत, नेमकी तेव्हा तारीख. आधी शेळ्या गेल्या, मग बैलजोडी गेली. नवरा बांबूतोडीच्या कामावर होता, तो एकदाच तिच्याबरोबर आला. झाडाखाली दिवसभर बसला आणि जाताना मला म्हणाला, "हिच्या बापाच्या सहीवर माहे बैल गेले, भाऊ." बोलण्यात तक्रार नव्हती. पण पुन्हा आला नाही.

वकिलांच्या मुंशीला चहा लागायचा, शिपायाला पान लागायचं, नकलेसाठी बाबूला आणखी काही लागायचं. न्याय पाहिजे असेल तर आधी या सगळ्यांची भूक भागवायची, हा तिथला रिवाज होता आणि कोणालाही त्याची शरम नव्हती. मला तेव्हाही याचा संताप यायचा. आता जास्त येतो.

मधे एकदा चुलतभावानं तडजोडीचा निरोप पाठवला. अर्धी बांधी घे, केस सोड. वकील म्हणाला घ्या, गावातले म्हणाले घे, मीही म्हणालो. तिनं एकच विचारलं, "मंग तो अंगठा खोटा म्हनून लिहून देईन का तो?"

"तसं कसं देईल? तडजोड म्हणजे मृत्युपत्र मान्य करायचं आणि त्यानं राजीखुशीनं अर्धं द्यायचं."

"म्हनजे माहा बाप अंगठेबहाद्दर. मी सही करून लिहून द्याचं, का माहा बाप अंगठेबहाद्दर." ती उठली. "जमिनीची केस नाई भाऊ हे. सहीची हाय. कितीदा सांगू?"

आता तिच्या धाकट्या बहिणीकडे येतो. नवऱ्यानं टाकलेली, बापाजवळ राहायची. म्हाताऱ्याचं हगणं-मुतणं शेवटपर्यंत तिनंच काढलं. तो गेल्यावर घर चुलतभावाच्या ताब्यात गेलं, आणि त्याच्या घरची भांडीधुणी करत ती त्याच घरात राहिली. जाणार कुठे? थोरलीच्या झोपडीत आधीच सहा माणसं. तर चुलतभावानं हिलाच साक्षीदार केलं. अंगठा लावताना मी जवळ होते, म्हाताऱ्यानं राजीखुशीनं लावला, एवढं तिनं सांगायचं.

आणि गंमत बघा. तारखेला दोघी यायच्या, एक वादी म्हणून, दुसरी समोरच्या बाजूची साक्षीदार म्हणून. दुपारी माझ्या झाडामागे दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. थोरली भात आणि सुकटीची चटणी आणायची. "खाय वं, वाळून राह्यली तू," म्हणायची. केसबद्दल दोघी अवाक्षर बोलत नसत. चुलतभाऊ लांबून डोळे वटारायचा. थोरली त्याच्याकडे पाहून धाकटीला मुद्दाम मोठा घास भरवायची. मी टाइप करता करता हसायचो.

साक्षीच्या आधी वकिलानं थोरलीला बोलावलं. मी तिथेच बसून अर्ज टाइप करत होतो. वकील गोड बोलायचा. "बाई, ही बहीण उलटणार. तिच्याबद्दल काही कमी-जास्त असेल तर सांगा."

"कमी-जास्त काय राह्यते? गरीब हाय ते."

"मग त्याच्या बाजूनं का बोलते?"

"काय करन? नवऱ्यानं टाकलं. यानं तिले ठेवून घेतलं घरी. त्याचं खाते, त्याचं बोलते."

वकिलानं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्यात वाईट काय होतं? आमच्याकडे कोणीही म्हणतं. म्हातारी आत्या ठेवून घेतली, पोरका भाचा ठेवून घेतला. आसरा दिला, एवढाच अर्थ.

साक्षीच्या दिवशी गावातले पाच-पंचवीस लोक आले होते. चुलतभावानंच ट्रॅक्टरमधून आणले होते. धाकटी पिंजऱ्यात उभी राहिली, ठरलेलं बोलली. मग आमचा वकील उलटतपासणीला उठला. दोन-तीन साधे प्रश्न विचारले, आणि मग आवाज चढवून म्हणाला, "तुझी सख्खी बहीण सांगते की प्रतिवादीनं तुला ठेवलं आहे. खरं की खोटं?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले.

थोरली ताडकन उभी राहिली. "ठेवून घेतलं म्हटलं वं मी! ठेवून घेतलं! घरी!"

शिपाई तिच्यावर ओरडला. समोरच्या वकिलानं हरकत घेतली. साहेबांनी हरकत मान्य केली, प्रश्न वगळा म्हणाले, आणि प्रश्न वगळला गेला. आजही ती फाइल काढून पाहिलीत तर त्यात तो प्रश्न सापडणार नाही. त्या पाच-पंचवीस लोकांच्या कानांतून तो कोण वगळणार होतं, हे मात्र साहेबांनी सांगितलं नाही.

धाकटीनं पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला होता. ती वकिलाकडे बघत नव्हती, साहेबांकडेही नाही. बहिणीकडे बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "बाबाले शुद्ध नव्हती. डोये पांढरे झाले होते. यानं बोट धरून लावलं. मी कंदील धरला होता." मग खाली उतरली आणि कोणाकडे न बघता बाहेर गेली.

वकील बाहेर येऊन मुंशीच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "फिरवली की नाही केस?"

थोरली त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तुमाले मी असं सांगतलं होतं?"

"बाई, शब्द तुमचाच आहे. मी नवीन काही जोडलं नाही."

मराठी त्याचीही मातृभाषा होती. ठेवून घेणं आणि ठेवणं यातला फरक कळायला वकिलीची सनद लागत नाही. त्याला तो पुरता कळत होता, म्हणून तर त्यानं 'घेतलं' तेवढं गाळलं. तो माणूस पुढे मोठा झाला, मोटारीतून फिरला, सभांमध्ये स्त्रियांच्या हक्कांवर बोलला. मी एकदा ऐकायला गेलो होतो आणि मधेच उठून आलो. बाहेर येऊन रस्त्यावर थुंकलो, तेवढंच माझ्या हातात होतं.

त्या दुपारी थोरली झाडामागे डबा उघडून बसली होती. धाकटी आली नाही. चुलतभावानं तिला ट्रॅक्टरमध्ये घेतलं नाही, ती एकटीच बसनं गेली म्हणे. गावात तिचं बोचकं अंगणात टाकलेलं होतं. विहिरीवर गेली तर बाया बाजूला सरकल्या, आणि चावडीवरच्या बाप्यांनी तिला नवीन नाव ठेवलं. ते मी इथे लिहिणार नाही. थोरली तिला घेऊन यायला दुसऱ्या दिवशी गेली, पण तोवर ती मिरची तोडायला जाणाऱ्या ट्रकमध्ये बसून गोदावरीपार निघून गेली होती. आमच्याकडून दर साली बाया तिकडे तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि हंगाम संपला की परत येतात. ही आली नाही. पुढच्या सालीही नाही.

निकाल लागायला आणखी वर्ष गेलं. निकाल हिच्या बाजूनं लागला. वकिलानं पेढे वाटले. तिनं पेढा हातात घेतला आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दिला.

"वाचा भाऊ."

मी वाचलं. मृत्युपत्र शाबीत झालेलं नाही. मयत हा हयातीत सही करीत असे, असे पुराव्यावरून दिसून येते.

"हे पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. याच ओळीसाठी बैल गेले होते. मला वाटलं आता रडेल, निदान हसेल तरी.

"आनखी काय हाय?"

"शेवटी आहे, दावा खर्चासह मंजूर. म्हणजे केसचा खर्च चुलतभावानं तुम्हाला द्यायचा."

"कोनता खर्च?"

"स्टँप, वकिलाची फी. नियमात बसेल तो."

"आन् माही बहीन?" ती म्हणाली. "ते कोन भरून देईन?"

मी निकालाची घडी करून तिच्या हातात दिली. उत्तर दिलं असतं तर शिवीच निघाली असती, आणि ती ऐकायला वकील तिथे नव्हता.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. हिवाळा होता, मी बसस्टँडवर उभा होतो. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी ती बसलेली. मी खिडकीखाली गेलो, बांधीचा ताबा मिळाला का विचारलं.

"मिळाला."

"मग धान?"

"पडीत हाय. कोन करते?" मग स्वतःच म्हणाली, "मिरचीचा सीजन सुरू झाला भाऊ. त्या पारच्या गावागावात फिरतो. कुठी तरी असनच नं ते."

"पत्ता?"

"पत्ता कुठचा आला?"

कंडक्टर सिरोंच्याकडचा होता. तिनं त्याला मघाशीच काहीतरी विचारून ठेवलं असावं, कारण तिकिटं फाडत तिच्यापाशी आल्यावर त्यानं मास्तरासारखं विचारलं, "हं, म्हना पुन्हा." ती तेलुगूत म्हणाली, "मा चेल्ली एक्कडा?" माझी धाकटी बहीण कुठे आहे? कंडक्टरनं तिचा उच्चार सुधारला. तिनं पुन्हा म्हटलं. बस सुटली तेव्हाही ती समोरच्या सीटच्या दांड्याला धरून, ओठ हलवत, तेवढंच म्हणत होती. माझ्याकडे बघायचं तिला भान राहिलं नाही.